चार दिवसांची सेवाफेरी व तिचें खरें फळ

(खेड्यांतील मंडळ्यांसाठीं व उपदेशकांसाठीं अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १०:१–२०, प्रेषितांचीं कृत्यें १४:१९–२८, १५:३६, १९:३७, २८:१–१०.
पाठ करावयाचें वचन : प्रेषितांचीं कृत्यें १५:३६.



हल्लीं पुष्कळ मंडळ्यांत अशी चाल पडली आहे कीं, वर्षांतून एकदां दहाबारा जणांनीं मिळून चार-आठ दिवस दुसऱ्या गांवीं जावें, तेथें भजनें म्हणावीं, मुलांस गोष्टी सांगाव्या, आजाऱ्यांस भेटावें, एखाद्या प्रार्थनामंदिराची भिंत रंगवावी अथवा छप्पर नीट करावें, आणि परत यावें. तरुणांस हें काम फार आवडतें. प्रवासही आतां सोपा झाला आहे. मुंबईतील शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारें २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. पूर्वीं ज्या उरण तालुक्यांत जाण्यास भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरावी लागे, अथवा पनवेलवरून मोठा वळसा घालावा लागे, तेथें आतां मोटारीनें थोडक्या वेळांत जातां येतें. सकाळीं निघावें, दिवसभर सेवा करावी व रात्रीं आपल्या घरीं येऊन निजावें, इतकें तें जवळ आलें आहे.

परंतु वाट जवळ झाली म्हणजे माणसेंही जवळ झालीं, असें समजूं नये. जावयास जितकें सोपें, तितकेंच तेथून निघून येऊन विसरून जावयासही सोपें. म्हणून ह्या पाठांत आपणांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : अशा थोड्या दिवसांच्या फेरीनें खरोखर कोणाचें हित होतें? जाणाऱ्यांचें कीं तेथें राहणाऱ्यांचें? पवित्र शास्त्र व आपल्या देशांतील मंडळीचा इतिहास ह्यांवरून ह्याचें उत्तर असें दिसतें कीं, जी फेरी तेथें कायम राहणाऱ्या भावाबहिणींचे हात बळकट करते ती प्रभूची फेरी होय. आणि जी त्यांच्या दारांत न पाळलेलीं वचनें टाकून येते ती कितीही उत्साहानें केलेली असली तरी मंडळीचें नुकसान करते.

१. प्रभूनें पाठविलेले सत्तर जण

लूकाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत प्रभु येशूनें सत्तर शिष्यांस दोघे दोघे असे पाठविल्याचें वर्णन आहे. हीही थोड्या दिवसांचीच फेरी होती. तिच्यांत चार गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, ज्या ज्या नगरांत व ठिकाणीं प्रभु स्वतः जाणार होता तेथेंच त्यानें त्यांस पुढें पाठविलें. ते त्या घराचे धनी नव्हते. धन्याचा निरोप घेऊन पुढें गेलेले चाकर होते. पेरणीपूर्वीं शेत नांगरणाऱ्यासारखें त्यांचें काम होतें. पीक आपल्याच हातानें कापून आपल्याच खळ्यांत न्यावें, असा हट्ट नांगरणाऱ्यानें धरूं नये. आपल्या फेरींत कोणी बाप्तिस्मा मागितला नाहीं, कोणी सभेंत उभें राहिलें नाहीं, म्हणून फेरी फुकट गेली असें मानणारा मनुष्य प्रभूच्या मागून येण्यावर विश्वास ठेवीत नाहीं.

दुसरी गोष्ट, त्यांनीं थैली किंवा झोळी बरोबर घेऊं नये आणि जें पुढें वाढतील तें खावें, एकाच घरीं राहावें, अशी आज्ञा होती. जो सेवा करावयास जातो त्यानें आधीं दुसऱ्याची सेवा स्वीकारली पाहिजे, हा त्याचा अर्थ. हल्लींच्या मंडळांबरोबर बाटल्यांचें पाणी असतें, डब्यांतलें जेवण असतें, आणि रात्रीं शहरांतील खोलींत मुक्काम असतो. प्रकृतीस जपावें हें योग्यच आहे. तथापि आपल्या देशांत कोणाच्या हातचें पाणी घ्यावें व कोणाच्या हातचें घेऊं नये ह्या गोष्टींत केवढा अर्थ भरलेला होता, हें आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं आपल्या अंगावर सोसलें आहे. ज्याच्या घरचा चहा आपण नाकारला त्याच्या घरीं आपण समानतेची गोष्ट कोणत्या तोंडानें सांगावी?

तिसरी गोष्ट, कामाचा अनुक्रम. घरांत शिरतांच शांतीचा आशीर्वाद द्यावा. मग बसावें, जेवावें. मग दुखणेकऱ्यांस बरें करावें. आणि त्यानंतर देवाचें राज्य जवळ आल्याचें सांगावें. आपण पुष्कळदां ह्याच्या उलट करतों. आधीं भोंगा लावून उपदेश, आणि वेळ उरला तर घरोघर भेट.

चवथी गोष्ट, ते आनंदानें परत आले व भुतेंही आपणांस वश होतात असें सांगूं लागले, तेव्हां प्रभूनें त्यांचा आनंद दुसऱ्या ठिकाणीं वळविला. आपल्या हातून काय झालें ह्यांत नव्हे, तर आपलीं नांवें स्वर्गांत लिहिलीं आहेत ह्यांत त्यांनीं आनंद मानावा, असें त्यानें त्यांस शिकविलें. किती घरांस भेटी दिल्या, किती पत्रकें वांटलीं, किती मुलें जमलीं, ह्या आंकड्यांनीं जो अहवाल भरून जातो त्याला हा धडा लागू आहे.

२. पौल परत फिरला

आतां प्रेषितांच्या कृत्यांतील चौदावा अध्याय काढावा. पौल व बर्णबा ह्यांस अंत्युखियाच्या मंडळीनें प्रार्थना व उपास करून पाठविलें होतें. लुस्त्र गांवीं लोकांनीं पौलास दगडमार करून, मेला असें समजून, नगराबाहेर ओढून टाकलें. दुसऱ्या दिवशीं तो बर्णबाबरोबर दर्बेस गेला. तेथें पुष्कळ शिष्य झाले. आतां नकाशा पाहावा. दर्बेहून पूर्वेकडे जाणारी वाट पौलाच्या जन्मगांवीं, तार्सास, जात होती, आणि तेथून अंत्युखियाही दूर नव्हतें. थकलेल्या, जखमा भरत असलेल्या मनुष्यानें ती वाट धरली असती तर कोणी त्यास दोष दिला नसता. पण तो परत फिरला, आणि ज्या लुस्त्रांत त्यास दगड मारले होते तेथें, मग इकुन्यांत, मग पिसिद्याच्या अंत्युखियांत गेला.

कशासाठीं गेला? शिष्यांचीं मनें स्थिर करावीं, त्यांनीं विश्वासांत टिकून राहावें म्हणून त्यांस धीर द्यावा, आणि प्रत्येक मंडळींत त्यांच्यांतलेच वडील नेमावे म्हणून. घरीं पोहोंचल्यावर त्यानें मंडळी जमवून देवानें काय केलें तें सांगितलें. आणि पंधराव्या अध्यायाच्या शेवटीं, दुसऱ्या प्रवासाचा विचार प्रथम निघाला तो नवीं नगरें पाहण्याच्या इच्छेनें नव्हे, तर जुन्या ठिकाणचे बंधु कसे आहेत हें जाऊन पाहावें ह्या काळजीनें. पहिली भेट उत्साहानें घडते, दुसरी प्रीतीनें घडते. म्हणून फेरीची परीक्षा पहिल्या भेटींत न होतां दुसऱ्या भेटींत होते.

३. आपल्या देशांतील दोन उदाहरणें

मराठी मंडळीच्या आरंभींचे एक मिशनरी गॉर्डन हॉल हे १२ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरले. १८२६ च्या मार्च महिन्यांत ते नाशिक व त्र्यंबक ह्या बाजूस फेरीवर गेले. तिकडे पटकीची सांथ चालली होती. जवळ असलेलीं औषधें त्यांनीं आजाऱ्यांस देऊन टाकलीं. परतीच्या वाटेवर त्यांसच तो रोग झाला, आणि २० मार्च १८२६ रोजीं एका अनोळखी खेड्यांत त्यांनीं प्राण सोडला.

ही फेरी थोड्याच दिवसांची होती, पण तिच्यामागें तेरा वर्षांचें भाषेचें अध्ययन होतें. हॉल लोकांशीं त्यांच्याच मराठींत बोलत. आणि ज्या नव्या कराराच्या भाषांतराचें काम त्यांनीं आरंभिलें होतें तो अमेरिकन मिशननें त्याच १८२६ सालीं मराठींत छापून पुरा केला. शिवाय हॉल गेले म्हणून काम थांबलें नाहीं. १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें उघडलें गेलें. एका मनुष्याची फेरी संपली, पण मंडळी राहिली. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, औषध देतांना त्यांनीं कोणास धर्माची अट घातली नाहीं. दुखणें होतें, औषध होतें, तें दिलें.

दुसरें उदाहरण केडगांवच्या मुक्ति मिशनचें. पंडिता रमाबाईंनीं १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून, व १९०० च्या सुमारास गुजराथेंतून, निराधार मुली व विधवा आणून त्यांस आश्रय दिला. १९०५ सालीं त्यांनीं ह्या मुलींस विचारलें कीं, आसपासच्या खेड्यांत जाऊन सुवार्ता सांगावयास कोण तयार आहे? तीसएक जणी पुढें आल्या. जाण्यापूर्वीं त्यांनीं रोज एकत्र बसून प्रार्थना केली. त्याच वर्षाच्या जून महिन्याच्या अखेरीस मुक्तींत मोठें धर्मजागरण झालें, आणि पुढें मुलींच्या टोळ्या आळीपाळीनें आसपासच्या खेड्यांत जाऊं लागल्या.

येथें पाहावयाचें तें हें : ह्या मुली लांबच्या नव्हत्या. ज्या खेड्यांत त्या जात तेथून मुक्तीचें घर चालत जाण्याच्या अंतरावर होतें. आज ऐकलेल्या गोष्टीविषयीं उद्यां कोणास विचारावेसें वाटलें तर कोठें जावें हें त्यास ठाऊक होतें. आणि सांगणाऱ्या मुली स्वतः उपासमारींतून वांचलेल्या होत्या. त्या उपकार करणाऱ्याच्या थाटानें बोलूं शकत नव्हत्या.

दुष्काळाच्या त्या काळानें मंडळीस एक कडू धडाही शिकविला. भाकरी व धर्म एकाच हातानें दिलीं जातात असें लोकांस वाटलें, म्हणजे खऱ्या विश्वासानें आलेल्या मनुष्यासही पोटासाठीं बाटला असा टोमणा पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागतो. म्हणून सेवाफेरींत धान्य, वह्या, कपडे अगर औषध द्यावयाचें असेल तर गरज पाहून द्यावें. कोण प्रार्थनेस बसला व कोण उठून गेला हें पाहून देऊं नये. उपदेशाच्या सभेंतच वांटप करणें तर सर्वथा टाळावें.

४. न्हावा-शेव्यास जाणाऱ्यानें काय जाणावें

आतां ज्या गांवाचें नांव आरंभीं घेतलें त्याकडे वळूं. न्हावा व शेवा हीं खाडीकांठचीं गांवें. भातशेती, मिठागरें व मासेमारी ह्यांवर ह्या बाजूच्या आगरी, कोळी व कराडी लोकांचा चरितार्थ चालत आला. १९७० सालीं नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको नांवाचें महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें ह्या भागांतील जमिनी संपादन होऊं लागल्या. योग्य मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन केलें. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जण मरण पावले. त्यानंतर संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. त्या बंदरासाठीं जुन्या शेवा गांवच्या लोकांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. त्यांपैकीं कोळी कुटुंबांस उरणजवळ जी वस्ती मिळाली, ती हनुमान कोळीवाडा नांवानें ओळखली जाते. तेथें घरांस वाळवी लागली, आणि पुन्हां नीट पुनर्वसन व्हावें म्हणून त्या लोकांनीं कित्येक वर्षें अर्ज-विनंत्या केल्या.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण कोणाचा न्याय करावा हें नाहीं. कारण हें कीं, ज्यांच्या दारीं आपण जाणार त्यांनीं आपल्यापूर्वीं पुष्कळ पाहुणे पाहिले आहेत. मोजणी करणारे आले, नोंदी घेणारे आले, मतें मागणारे आले, चित्रें काढणारे आले. प्रत्येकानें कांहींतरी विचारलें, कांहींतरी लिहून घेतलें, कांहींतरी सांगितलें, आणि गाडींत बसून तो निघून गेला. अशा लोकांत आपण शुभवर्तमान, म्हणजे चांगली बातमी, घेऊन जातों. आपला शब्द ते आपल्या पूर्वीं आलेल्यांच्या शब्दांशेजारीं ठेवून तोलणार, ह्यांत नवल काय?

समजा, आपल्या मंडळांतील एक तरुण एका घरीं बसला आहे. घरची बाई म्हणते, "दादा, पोरीची फी भरायची राहिली आहे." तरुणाचें मन द्रवतें, आणि तो म्हणतो, "पाहूं, कांहींतरी करूं." शहरांत ह्या शब्दांचा अर्थ पुष्कळदां कांहींच नसतो. पण त्या बाईनें तें वचन म्हणून ऐकलें. मंडळ परत जातें. महिना जातो, परीक्षा येते. त्या बाईस तरुणाचें नांवही आठवत नाहीं. पण तिला हें ठाऊक असतें कीं तो येशूच्या नांवानें आला होता. मग ती कोणास विचारते? जो तेथें राहतो त्या उपदेशकास. तो बिचारा जेथें जाईल तेथें हा प्रश्न त्याच्या आधीं पोहोंचलेला असतो. चार दिवसांत बोललेल्या एका शब्दाचें व्याज त्याला चार वर्षें फेडावें लागतें. म्हणून फेरीचा पहिला नियम हा असावा : वचन थोडें द्यावें, मंडळाच्या नांवानें एकानेंच द्यावें, आणि दिलेलें लिहून ठेवून पाळावें.

दुसरें, लोकांच्या दिनक्रमाचा मान राखावा. कोळ्याची घटका घड्याळावर नसते, भरती-ओहोटीवर असते. पहाटे होडी लागली तर बायका टोपल्या घेऊन बाजारास गेलेल्या असतात. त्या वेळीं दार ठोठावून सभेचें आमंत्रण देणें म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणें होय. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद असते. तेव्हां पुरुष घरीं जाळीं दुरुस्त करीत बसलेले भेटतात व निवांत बोलतां येतें. परंतु त्याच दिवसांत हातांत पैसा कमी असतो, म्हणून पाहुणचाराचा भार त्यांच्यावर घालूं नये.

तिसरें, कोणाच्याही देवतेची निंदा करूं नये. कोळी व आगरी लोकांची कार्ल्याच्या एकवीरेवर मोठी भक्ति आहे. पौल इफिसांत बराच काळ राहिला, त्याच्या उपदेशानें मूर्तिकारांचा धंदा बसेल अशी भीति उत्पन्न झाली, तरी दंगा झाला तेव्हां नगराच्या अधिकाऱ्यानेंच साक्ष दिली कीं, ह्या माणसांनीं आमच्या देवीची निंदा केलेली नाहीं (प्रे. कृ. १९:३७). परक्या अधिकाऱ्यास अशी साक्ष देतां येईल असें आपलें वर्तन असावें. येशूविषयीं बोलावयास इतकें आहे कीं दुसऱ्याविषयीं वाईट बोलावयास वेळच उरूं नये.

चवथें, लेकरांचीं व दुखणेकऱ्यांचीं छायाचित्रें काढून तीं मोबाईलवरून चहूंकडे पाठवूं नयेत. आपली लाज झांकणें हा गरिबाचाही हक्क आहे.

५. जहाजावरील एका दिवसाची मंडळी

न्हावा-शेव्यास आणखीही एक कळप आहे, आणि तो बहुतेकांच्या दृष्टीस पडत नाहीं. बंदरांत देशोदेशींचीं जहाजें लागतात. त्यांवरचे खलाशी कित्येक महिने घरापासून दूर असतात. कंटेनरचें जहाज धक्क्यास फार वेळ राहत नाहीं. पुष्कळदां एका दिवसांतच माल उतरवून, चढवून तें निघून जातें, आणि खलाशास जमिनीवर पाय ठेवण्याचीही सवड मिळत नाहीं. ह्यांपैकीं पुष्कळ जण, विशेषेंकरून फिलिपाईन्स बेटांतले, ख्रिस्ती असतात. अशा दर्यावर्दी लोकांची सेवा करण्यासाठीं इंग्लंडांत १८५६ सालीं एक मिशन स्थापन झालें, व आज निरनिराळ्या देशांच्या बंदरांत त्याचें काम चालतें.

जहाजावर भेटीस जाणाऱ्याची रीत आपणां सर्वांस शिकण्यासारखी आहे. तो परवानगी घेतल्यावांचून बंदरांत शिरत नाहीं. खलाशी काम सोडून आपल्याजवळ बसेल अशी अपेक्षा करीत नाहीं. त्याला ठाऊक असतें कीं हा मनुष्य आपणांस बहुधा पुन्हां भेटणार नाहीं. म्हणून तो त्याचें ऐकून घेतो, घरीं निरोप पाठविण्यास मदत करतो, त्यानें म्हटलें तर त्याच्याबरोबर प्रार्थना करतो, आणि पुढच्या बंदरांत कोण भेटेल हें सांगून त्यास त्याच्या हवालीं करतो. जेथें आपणांस परत जातां येत नाहीं तेथें आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या हातांत काम देणें, हीच परत जाण्याची रीत होय.

येथें मिलिता बेटावरील पौलाची आठवण होते (प्रे. कृ. २८). जहाज फुटलें, आणि दोनशें शहात्तर माणसें भिजून, थंडीनें कुडकुडत किनाऱ्यास लागलीं. तेथल्या परक्या भाषेच्या लोकांनीं शेकोटी पेटवून त्यांस जवळ घेतलें. तेव्हां मोठा प्रेषित पौल काय करीत होता? तो काटक्या गोळा करीत होता. आधीं त्यानें बेटकरांचा उपकार घेतला, मग हातानें काम केलें, मग बेटाच्या मुख्याच्या आजारी बापासाठीं प्रार्थना केली. तीन महिन्यांनीं निघतांना त्याच लोकांनीं वाटेची शिदोरी जहाजावर आणून दिली. सेवाफेरीस जाणाऱ्या तरुणांनीं ह्या दहा वचनांचा अभ्यास एकत्र बसून अवश्य करावा.

६. फेरी कशी योजावी

जाण्यापूर्वीं. ज्या गांवीं जावयाचें तेथल्या पाळकास किंवा उपदेशकास निदान दोन महिने आधीं पत्र लिहून विचारावें : आम्हीं यावें काय? केव्हां यावें? तुमचें कोणतें काम अडलें आहे? त्यानें येऊं नका म्हटलें तर जाऊं नये. माणसें थोडीं घ्यावीं. सहा जण एका खेड्यास पुष्कळ होतात. त्यांत अनुभवी बहिणी असाव्या, कारण दिवसा घरीं स्त्रियाच भेटतात, आणि त्यांच्याशीं मोकळेपणें बोलणें बहिणींसच शोभतें. जाण्यायेण्याचा सर्व खर्च मंडळीनें सोसावा व त्याचा हिशेब ठेवावा.

तेथें असतांना. गांवचा उपदेशक हा मंडळाचा पुढारी. पाहुण्यांनीं त्याच्या हाताखालीं काम करावें, मग ते कितीही शिकलेले असोत. लोकांसमोर त्याची चूक काढूं नये. त्याच्या बायकोवर दहा माणसांचा स्वयंपाक टाकून आपण भजनें म्हणत बसूं नये. भांडीं घासणें हीही सेवा आहे. पहिला दिवस बोलण्यापेक्षां ऐकण्यांत घालवावा. जें काम तेथला गवंडी किंवा सुतार मजुरी घेऊन करूं शकतो, तें आपण अर्धवट शिकलेल्या हातांनीं करून त्याची मजुरी बुडवूं नये. त्यास कामावर लावून आपण विटा वाहाव्या.

परत आल्यावर. मंडळी जमवून अहवाल द्यावा. त्यांत आपण काय केलें ह्यापेक्षां आपण काय शिकलों व त्या मंडळीच्या गरजा काय आहेत हें अधिक असावें. दिलेल्या वचनांची यादी मंडळीच्या वडिलांसमोर वाचावी, आणि प्रत्येकापुढें तें कोणी व कोणत्या तारखेपर्यंत पाळावयाचें हें लिहावें. दुसऱ्या भेटीचा महिना त्याच सभेंत ठरवावा. मध्यंतरीं उपदेशकास पत्र अगर फोन जावा. आणि शक्य असेल तर त्या गांवच्या मंडळीस आपल्याकडे पाहुणी म्हणून बोलवावें, कारण जेथें एकच पक्ष नेहमीं देतो व दुसरा नेहमीं घेतो तेथें भाऊपणा टिकत नाहीं.

कोणी म्हणेल, इतके नियम घातले तर तरुणांचा उत्साह मावळेल. तसें नाहीं. विस्तव चुलींत असला तर भाकरी भाजते. तोच छपरावर पडला तर घर जळतें. उत्साह हवा आहे, फार हवा आहे, पण त्यास चूल पाहिजे. आणि जो तरुण चार दिवस भजनें म्हणून आला, पण ज्यानें दुसऱ्या वर्षीं त्याच घरीं जाऊन ती मुलगी शाळेंत जाते कीं नाहीं हें विचारलें, त्यास शुभवर्तमान म्हणजे काय हें पहिल्या वर्षापेक्षां दुसऱ्या वर्षीं अधिक कळेल.

खेड्यांतील उपदेशक बंधूंनो, तुम्हांसही एक शब्द. शहरची मंडळी येते म्हणून तुम्हीं आपल्यास कमी लेखूं नका. सेतावरून येणारे परत जातात. पावसांत, आजारांत व मयताच्या घरीं जाणारे तुम्ही आहां. पाहुण्यांस तुमच्या गांवची खरी हकीकत सांगा. त्यांस बरें वाटावें म्हणून माणसें गोळा करून गर्दी दाखवूं नका. जें नको तें नको म्हणा. तुमच्या नाहीं म्हणण्यानें त्यांची फेरी शुद्ध होईल.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. प्रभूनें सत्तर जणांस कोणत्या ठिकाणीं पाठविलें, व त्यावरून त्यांच्या कामाचें स्वरूप काय ठरतें?
२. दर्बेहून घरची वाट जवळ असतांना पौल लुस्त्रास परत कां गेला? तेथें त्यानें कोणतीं कामें केलीं?
३. गॉर्डन हॉल ह्यांची शेवटची फेरी व मुक्तींतील मुलींच्या फेऱ्या ह्यांत कोणतें साम्य आहे? कोणता भेद आहे?
४. मदत व उपदेश हीं कशा रीतीनें द्यावीं म्हणजे घेणाऱ्याचा मान राहील?
५. गेल्या पांच वर्षांत तुमच्या गांवीं आलेल्या अथवा तुमच्या मंडळीनें काढलेल्या फेऱ्यांची आठवण करा. दिलेलें एखादें वचन पाळावयाचें राहिलें आहे काय? तें आतां कोण पुरें करील?

प्रार्थनेचे विषय : उरण तालुक्यांतील व बंदराजवळील वस्त्यांतील विस्थापित कुटुंबें; दर्यावर असलेले खलाशी व त्यांचीं घरचीं माणसें; एकेकट्यानें खेड्यांत काम करणारे उपदेशक व त्यांचीं कुटुंबें; आणि ह्या वर्षीं फेरीस निघणारे तरुण, कीं प्रभूनें त्यांच्या पायांस जाण्याचें बळ व त्यांच्या मनास परत जाण्याची आठवण द्यावी.